कोटातल्या विहिरीच्या पायऱ्या

४ मार्च १९४६, कुंतळे

नगरपालिकेची सभा झाली. सरकारनियुक्त सभासद म्हणून मी एकटीच बाई. अध्यक्ष हंबीरराव यांनी कमिट्या वाटल्या. रस्ते, दिवाबत्ती, बाजार पुरुषांनी घेतले आणि कुणालाच नको असलेलं आरोग्य माझ्याकडे आलं. सभा संपल्यावर हंबीरराव मोठ्या अदबीनं म्हणाले, "बाई, आता गटारीकडं बगा जरा." सगळे हसले. मी गटारींपासून सुरुवात करणार नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुरुवात नारूपासून करायची.

साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे गाव निवडलं ते जुनं आहे म्हणून. नांगराच्या फाळाला इथं काचेचे मणी लागतात. जोराचा पाऊस झाला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, मातीतून शिशाची नाणी वर येतात आणि पोरं त्यांच्याशी गोट्यांसारखं खेळतात. त्या मानानं गावाशेजारचा कोट कालचा म्हणायचा. काळे बुरूज, एक देऊळ आणि विहीर. आत वस्ती नाही. गावातल्या आडांचं पाणी मचूळ, कृष्णा चार कोस लांब, म्हणून सगळं गाव कोटातल्या विहिरीचं पाणी पितं. विहिरीला घोडा उतरेल एवढ्या रुंद पायऱ्या आहेत, थेट पाण्यात गेलेल्या. बांधणाऱ्यानं वेढ्याचा विचार केला होता. शत्रू बाहेर, पाणी आत. शत्रू पाण्यातच आहे हे त्याला कुठून कळावं?

७ मार्च

राहीबाईच्या आळीत हिंडून आले. राहीबाई माझं पाणी भरते, धुणं-भांडी करते; घर कोटाच्या दरवाजालगत. तिच्या शेजारी बाप आणि लेक दोघं बाजेवर होते. बापाच्या घोट्यातून पांढरा दोरा बाहेर आलेला, काडीला गुंडाळलेला. रोज एक पीळ द्यायचा. ओढला तर तुटतो, आणि तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने उठत नाही. दरसाल पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव असं पडून असतं आणि याला कुणी आजार म्हणत नाही. पाऊस येतो तसा नारू येतो, एवढंच.

तालुक्याच्या डॉक्टरांनी समजावलं ते लिहून ठेवते. नारूचा पाय पाण्यात बुडाला की नारू आपली पिलं पाण्यात सोडतो. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिसवा असतात, त्या ही पिलं गिळतात. ते पाणी प्यालेल्या माणसाच्या पायातून पुढच्या वर्षी नारू बाहेर पडतो. म्हणजे दोनच गोष्टी करायच्या: पाय पाण्याला लागू द्यायचा नाही, आणि पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. पायऱ्या भिंत घालून बंद कराव्यात, वर रहाट बसवावा. सोपं आहे. सोप्या गोष्टींना वेळ लागतो, हा माझा शाळेतला अनुभव.

राहीबाईची सून मनू गरोदर आहे. मुलगा गुंडा पलटणीत, दसऱ्याला रजेवर येऊन गेला. लढाई संपली तरी अजून सुटलेला नाही. राहीबाईनं मला विचारलं, मनूच्या पायातून काही निघणार नाही ना? मी म्हटलं, यंदाचं माझ्या हातात नाही, पुढच्या सालचं आहे.

"फुडच्या साली पोर मांडीवर आसंल, बाई. तवाबी नगं."

मी म्हटलं, नाही निघणार. असं वचन द्यायला नको होतं, पण दिलं.

२० मार्च, सातारा

कोट सरकारी आहे, जुन्या वास्तूंत नोंदलेला. परवानगीशिवाय दगडाला हात लावता येत नाही, म्हणून इथं आले. कचेरीतले गृहस्थ सभ्य होते. पायऱ्यांत कुठल्या तरी फार जुन्या देवळाचे दगड बसवलेले आहेत, तेव्हा कुणीतरी येऊन पाहील आणि मग कागद पुढे जाईल, असं म्हणाले. कधी, म्हणून विचारलं तर हसले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा हसायचे थांबले आणि "पावसाळ्यानंतर" म्हणाले.

संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर चढले. नोकरीत असताना रोज जात असे. आता निम्म्यावर दम घ्यावा लागला. वरून गाव पाहताना वाटलं, साताऱ्यात किल्ला आधी आणि शहर मागून त्याच्या पायाशी आलं. कुंतळ्यात उलट. शहर हजार-दोन हजार वर्षं होतंच; कोट मागून आला आणि शहराच्या पाण्यावर बसला.

यंदा भिंत होत नाही. गाळण्यावर जोर द्यायचा.

२ एप्रिल

मी वर्धमान चौगुल्यांच्या माडीवर राहते. त्यांच्या घरात आजवर एकालाही नारू झालेला नाही. याचं कारण इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं: स्वयंपाकघराच्या दारातलं जाड दुहेरी गाळणं. जैनाचं घर, गाळल्याशिवाय पाणी हंड्यात पडत नाही. वर्धमानअण्णांच्या पत्नी त्रिशलाबाई हे काम कुणाला करू देत नाहीत, स्वतः करतात.

त्यांना म्हटलं, गावातल्या बायकांना तुम्ही दाखवा. मी सांगितलं की त्याचा धडा होतो आणि धडा कुणाला आवडत नाही.

कापडाचा प्रश्न आहे. रेशनवर अंगापुरतं मिळत नाही. हंबीरराव म्हणाले, "बाई, मानसं उघडी आनि घागरीला लुगडं?" मी म्हटलं, जुनी धोतरं द्या, तुमच्यापासून सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून तीन आली, स्वच्छ धुतलेली.

९ एप्रिल

कोटातल्या देवळात बायका जमल्या. अपेक्षेपेक्षा पुष्कळ. त्रिशलाबाईंनी घागरीवर गाळणं कसं घालायचं, दुहेरी कसं करायचं, कुठली बाजू वर ते दाखवलं. शेवटी त्यांनी सांगितलं की गाळण्यावर राहतं तोही जीवच आहे. तो उकिरड्यावर टाकायचा नाही, ज्या पाण्यातला त्याच पाण्यात हलकेच परत सोडायचा. बायकांना हे सगळ्यांत जास्त पटलं. विहिरीच्या खालच्या पायरीवर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. राहीबाई म्हणाली, "बराबर हाय. आसरांच्या घरचं त्ये. तिचं तिला द्यायाच पायजे."

मला ते निरुपद्रवी वाटलं. गाळणं होतंय ना? पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या धर्मानं करावं.

२६ एप्रिल

ठराव मंजूर. नारू असलेल्या कुणीही कोटाच्या दरवाजातून आत पाऊल टाकायचं नाही. दरवाजावर धुळा पहारेकरी बसवला आहे. तो प्रत्येकाचे पाय बघणार. अशा घरांना पाणी कोण देणार, असं एक सभासद म्हणाले. शेजाऱ्यांनी द्यावं. शेजारी कशाला असतात?

धुळा कडक आहे. काल त्यानं स्वतःच्या मेहुणीला परत पाठवलं आणि तिनं त्याला सात पिढ्या ऐकवल्या.

१९ मे

एवढं यश मला अपेक्षित नव्हतं. घरोघर दाराशी गाळणं वाळत असतं. ज्या घरची एक बाई सकाळी एक खेप करून जायची, तिथल्या सासू-सुना आता दोन-दोनदा विहिरीवर जातात, असं धुळा सांगतो. उत्साह आहे तोवर चांगलंच.

सगळ्यांत पुढे राहीबाई. माझं पाणी माझ्यादेखत गाळते, मनूचं तिच्या घरी गाळते, आणि दोन्ही गाळणी घेऊन परत कोटात जाते. मी म्हटलं, एवढी धावपळ कशाला? म्हणाली, "तुमी सांगितल्यालं आनि त्रिशलाक्कांनी दावल्यालं, आर्धं कशाला करू?" शाळेत अशा दोन मुली मिळाल्या असत्या तर मी निवृत्त झाले नसते.

१२ जून

राहीबाई लंगडते आहे. पायात काटा मोडला म्हणाली. रुईचं पान बांधलं होतं. अनवाणी फिरायची सवय. मी चांगली रागावले आणि माझ्या जुन्या वहाणा दिल्या. घातल्या नाहीत, काखेत मारून नेल्या.

धुळा तिला दरवाजात थांबवत नाही. बाईंचं माणूस म्हणून ओळखतो. ते योग्यच आहे, तिचा कशाला वेळ मोडायचा?

२७ जून

काटा अजून निघाला नाही. दवाखान्यात चल म्हटलं तर "मनूचं झाल्यावर जाऊ" म्हणते. मनूला आता चालवत नाही. सगळं पाणी राहीबाईच आणते, लंगडत लंगडत. हट्टी बाई आहे. मला हट्टी माणसांचा राग येतो.

१० जुलै

मनूला काल मुलगी झाली. दोघी सुखरूप. राहीबाईनं साखर आणली. मुलगी झाली म्हणून तोंड पाडणारी नाही, हे मला आवडलं. मी तिला सांगितलं, मनूनं गाळल्याशिवाय एक थेंबही प्यायचा नाही. बाळंतीण आहे, पुढच्या साली बाजेवर पडली तर मुलीला कोण पाहणार?

"माझ्या ध्येनात हाय," म्हणाली.

१७ ऑगस्ट

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

सव्वा महिना झाला म्हणून मनूनं विहीर पुजायची होती. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा पाण्यावर जाणार, ओटी भरणार, साती आसरांना हळदकुंकू लावणार, आणि पहिल्या ओंजळीतलं पाणी स्वतः पिणार. राहीबाईनं बोलावलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, निदान मनूचा पाय पाण्यात पडू नये एवढं बघावं.

सकाळच्या वेळी मी त्या विहिरीत कधी उतरले नव्हते. आज उतरले. खालच्या पायऱ्यांवर बायकाच बायका, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या, गाळणी उलटी करून हलक्या हातानं पाण्यात हलवत होत्या. कुणी घाई करत नव्हतं. जीव दुखावू नये म्हणून सगळ्या खोल जात होत्या. पूर्वी यांतली निम्मी माणसं पायरीवरून घागर बुडवून परत फिरायची. आता मी त्यांना पाण्यात उभं केलं होतं. मीच.

त्रिशलाबाईंच्या घरात हे काम दोरीनं भांडं खाली सोडून करतात, त्यांचा पाय पाण्याला लागत नाही. ते त्यांनी देवळात दाखवलं नाही, कारण तिथं पाणीच नव्हतं. आणि मी विचारलं नाही.

हे मनात चाललेलं असतानाच पूजा सुरू झाली. अशा वेळी कुठं उभं राहायचं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी वरच्या पायरीवर थांबले. मनूनं ओंजळ भरली. मी म्हटलं, मनू, ते प्यायचं नाही, गाळणं आण. रंगूबाई म्हणून म्हाताऱ्या आहेत, त्या म्हणाल्या, "देवीचं पानी गाळत्यात व्हय कुठं? प्याल्याबिगर पूजा पुरी व्हत न्हाई." मनू एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. ओंजळ गळत होती. राहीबाईचा चेहरा पांढरा पडला.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दोन पायऱ्या खाली उतरले, मनूच्या ओंजळीखाली माझी धरली आणि ते पाणी मी प्याले. म्हटलं, झाली पूजा पुरी.

मी विधवा, म्हणून बायका कुजबुजल्या. राहीबाई म्हणाली, "चालतंय."

त्यानंतर राहीबाई पानावरचा दिवा सोडायला पाण्यात उतरली. वर आली तेव्हा पायाचं रुईचं पान सुटून गेलं होतं. घोट्याच्या वर काडी बांधलेली होती आणि काडीला पांढरा दोरा.

दिवा पाण्यात मध्यापर्यंत गेला, तोवर मी तिच्याकडे बघत होते. तीही माझ्याकडेच बघत होती.

१८ ऑगस्ट

राहीबाई रोजच्या वेळेला आली. मी तिला दारातच विचारलं, केव्हापासून? म्हणाली, जेठापासून. मधे एकदा तुटला, म्हणून लांबलं.

मी म्हटलं, तुला सगळं माहीत होतं. तुझ्यासमोर मी दहादा सांगितलं आहे. रोज तू त्या पाण्यात पाय घातलास.

"घातला."

"का?"

"आवं, तुमीच म्हनाला, नारूवाल्यानं कोटात यायचं न्हाई. मग मनूला पानी कोन आननार? शेजारीन आनती एक घागर, ती बी तोंड वाकडं करून. तुमचं कोन आननार? तुमी तर शेजाऱ्यापाशी एक शब्द गोड बोलत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "जीव पान्यात सोडायचा म्हंजे पान्यात जायाच लागतंय. मी काय वाईट कराय गेलो न्हवतो."

मी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. माझ्या वहाणा तिनं दारात ठेवल्या, न वापरलेल्या.

धुळ्यालाही बोलावून चांगलं सुनावलं.

५ सप्टेंबर

गाळणी पाण्यात धुवायची बंद केली. त्रिशलाबाई स्वतः विहिरीच्या काठावर बसून दोरीचं भांडं कसं सोडायचं ते दाखवतात. त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुमच्या धर्माची नाही. त्या म्हणाल्या, "चूक मोजत बसू नका. खाली चिखल झालाय, तुम्ही घसराल." एवढंच.

पाणी भरायला आता दुसरी एक बाई येते. ती बोलत नाही. घर शांत असतं. वाचन पुष्कळ होतं.

२९ सप्टेंबर

वाचन होत नाही.

३ नोव्हेंबर

गुंडा पलटणीतून सुटून आला. मला भेटायला आला, ताठ उभा राहिला. इटलीत होता. तिकडे पाण्यात गोळी टाकल्याशिवाय पिऊ देत नसत, म्हणाला. जाताना म्हणाला, "आईचा पाय बरा हाय आता." मी विचारलंच नव्हतं तरी.

११ जानेवारी १९४७

परवानगी आली. पायऱ्या फोडायच्या नाहीत. खालच्या टप्प्यावर भिंत घालावी आणि कोरीव दगडाला धक्का लागू नये. रहाट मंजूर. सयाजी गवंड्याला बोलावलं.

१६ जानेवारी

सयाजीनं काम बंद ठेवलं आहे. भिंत येते तिथंच साती आसरा आहेत. भिंत घातली तर त्या पाण्याच्या बाजूला कोंडल्या जातील, पुढे कुणालाही दिसणार नाहीत. त्यांना वर काठावर आणायला हवं. सयाजी हात लावायला तयार नाही, त्याचे गडीही नाहीत. हंबीरराव म्हणाले, "बाई, म्या सा वर्सं पहिलवानकी केली. त्या सात बायकांस्नी मी भितो."

मी उचलू शकते. मी मानत नाही, तेव्हा मला कसली भीती? दुपारी एकटी खाली जाऊन बघून आले. दगड जड नाहीत. पण मी उचलले तर वर नुसते सात दगड येतील. बायका खालीच जातील, भिंत असली तरी.

त्या कुणाच्या हातून येतील ते मला माहीत आहे.

१७ जानेवारी

राहीबाईच्या दारात गेले. ती शेण थापत होती, उठली नाही. मनूनं बसायला घोंगडं टाकलं. नात रांगते आहे. माझ्या चष्म्याकडे आली.

मी काम सांगितलं. राहीबाई थापत राहिली. मग म्हणाली, आसरांना विचारल्याशिवाय उचलता येत नाही, आणि विचारणाऱ्यानं त्यांचा अपराध केलेला नसावा; तिनं तर नारूचा पाय त्यांच्या घरात घातला.

मी म्हटलं, "तू एकटीनं नाही घातलास. मी शंभर पाय घातले."

तिनं हातातली गोवरी थापून पुरी केली.

"मग दोघीबी चला," म्हणाली. "तुमीबी एक उचलायची. पदर डोईवर घिऊन."

मी डोक्यावर पदर घेऊन तीस वर्षं झाली असतील. म्हटलं, घेईन.

२४ जानेवारी

झालं. राहीबाईनं नारळ फोडला, आसरांना वर यायची विनंती केली, कारण सांगितलं. कारण अगदी बरोबर सांगितलं, पिसवांसकट. मग एकेक दगड लुगड्याच्या घडीत घेऊन वर. शेवटचा मी आणला. मागे गुंडा होता, मी पडले तर धरायला. मी पडले नाही.

एक दगड ठेवताना उलटला. खालच्या अंगाला दोन पावलं कोरलेली होती, झिजलेली. पायऱ्यांतल्या दगडांसारखीच जुनी असणार, कोटाच्या कितीतरी आधीची. त्रिशलाबाईंनी हात जोडले. राहीबाईनं पदर लावून नमस्कार केला. पावलं जैनांची की आसरांची, म्हणून मी विचारलं नाही. दगड पूर्वीसारखाच ठेवला, शेंदराची बाजू वर, पावलं जमिनीला टेकलेली.

उद्यापासून भिंत.

२५ जानेवारी

राहीबाई सकाळी पाणी घेऊन आली. मी गाळणं धरलं, तिनं ओतलं. नव्या बाईला दुसरीकडे काम पाहून दिलं.

८ जून

रहाटाचा आवाज माडीपर्यंत येतो. यंदा नारू आहे, पण निम्म्यानं कमी. ज्या घरांत गाळणं नीट चाललं तिथं नाही. मी दर आठवड्याला मनूचे पाय बघते. काही नाही. ती हसते.

कोटाच्या दरवाजावरचा ठराव अजून कायम आहे आणि धुळा आता सगळ्यांचे पाय बघतो, राहीबाईचेसुद्धा. परवा हंबीररावांना जोडा काढायला लावला.

२१ जुलै

पंधरा ऑगस्टला कोटाच्या उत्तर बुरुजावर निशाण चढवायचं आहे. ते मी चढवावं असं एकमतानं ठरलं. हंबीरराव म्हणाले, "बाईंनी नुसतं बघितलं तरी झेंडा आपसूक वर चढंल." यावेळी मीही हसले. मला आनंद झाला आहे. इथं लिहायला हरकत नाही.

२ ऑगस्ट

डाव्या पायाला घोट्याजवळ खाज येते. वहाण लागली असावी.

६ ऑगस्ट

फोड आला आहे. परवा बुरुजावर जाऊन आले तेव्हा काटा मोडला असेल. उत्तर बाजूला बाभळी आहेत. पाण्याची पट्टी ठेवली.

९ ऑगस्ट

काटा निघत नाही. राहीबाईनं दोनदा विचारलं, दाखवा. मी म्हटलं, काटा आहे. ती गेली आणि येताना रुईचं पान घेऊन आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"काटा न्हाई ह्यो, बाई."

मी तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातलं गाळणं आठवलं. वर्षभरात गाळल्याशिवाय मी पाणी प्याले ते एकदाच.

तिलाही ते आठवलं. पान बांधताना तिचे हात थांबले होते.

१२ ऑगस्ट

सभेत सांगितलं. मग एकदम सगळेच बोलू लागले. विहिरीला आता भिंत आहे, पाय पाण्याला लागायचा प्रश्नच नाही, तेव्हा ठराव बाजूला ठेवा. एक दिवसाचा प्रश्न. मी म्हटलं, ठराव बाजूला ठेवायचा तर तो सगळ्या गावासाठी ठेवा आणि बाजेवर पडलेल्या प्रत्येकाला बुरुजावर न्या. त्यांतली कितीजणं नेता येतील? मला एकटीला सूट नको.

संध्याकाळी धुळा आला. "बाई, तुमचा पाय मी काय बघत न्हाई. तुमी या."

"बघायचा," मी म्हटलं. "एकदा बघितला नाहीस ते पुरे झालं."

निशाण हंबीरराव चढवतील. त्यांना सांगितलं, दोरी आधी ओढून बघा.

१५ ऑगस्ट १९४७

सकाळी माडीच्या सज्जात बाज टाकून घेतली. इथून उत्तर बुरूज स्पष्ट दिसतो. चौगुल्यांच्या घरची सगळी माणसं कोटात गेली. त्रिशलाबाई जाताना माझ्या उशाशी गाळलेलं पाणी ठेवून गेल्या. राहीबाईला म्हटलं, तूही जा, तुझा पाय बरा आहे. म्हणाली, "झेंडा हितनंबी दिसतोय."

कोटाकडे जाता जाता मनू वर आली, मुलीला कडेवर घेऊन, नवं लुगडं नेसून. मी तिला पाय दाखव म्हटलं. आजच्या दिवशीसुद्धा, म्हणून ती हसली, आणि दाराच्या चौकटीला धरून आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही पाय उचलून दाखवले. तळपाय, घोटे, सगळं स्वच्छ. मी म्हटलं, जा आता, उशीर होईल.

राहीबाई माझा पाय मांडीवर घेऊन बसली. रोजचा पीळ द्यायची वेळ झाली होती. बुरुजावर माणसं मुंग्यांसारखी जमली होती. हंबीररावांची पांढरी टोपी ओळखू आली. निशाण अर्ध्यावर जाऊन अडकलं. मी सांगितलं होतं. मी उठून बसायला गेले.

"हलू नगा," राहीबाई म्हणाली. तिनं काडी बोटांत धरली होती, जपून, जिवंत काही धरावं तशी. "हलला तर तुटंल."

तिकडे कुणीतरी दोरी सैल करून पुन्हा ओढली असावी. निशाण वर गेलं आणि उघडलं. कोटातून ओरडणं ऐकू आलं, थोडं उशिरा, वाऱ्याबरोबर.

मी हलले नाही.